एक चूक, जोडी बाद

भूपेशचा मेसेज आला तेव्हा मी काम करते त्या गोडाऊनच्या दारात एका ट्रकवाल्याशी भांडत होते. मेसेज वाचला आणि त्या बिचाऱ्याला मध्येच सोडून दिलं. त्याच्यासाठी राग शिल्लकच राहिला नाही.

मेसेज पिकलबॉलच्या ग्रुपवर होता. यंदा स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक जोडीची आधी नियमांची परीक्षा होणार. परीक्षा तोंडी. एक सर माईकवरून प्रश्न विचारतील, खेळाडूनं उभं राहून लगेच उत्तर द्यायचं, जोडीदारानं मदत करायची नाही. एक चूक, जोडी बाद. आणि खाली दोन हात जोडलेले, म्हणजे आम्ही समजायचं की माणूस किती नम्र आहे.

आता कुणी म्हणेल, यात एवढं तडकायला काय झालं? खेळायचं तर नियम यायला नकोत का? यायलाच हवेत. माझं भांडण नियमांशी कधीच नव्हतं. पण ते ‘तोंडी’ आणि ते ‘माईकवरून’ कुणासाठी घातलंय, हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. माझ्या जोडीदारासाठी. माझी जोडीदार म्हणजे जमिलाभाभी, आणि जमिलाभाभीला ऐकू येत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगते. बॅडमिंटनएवढं कोर्ट, मध्ये टेनिसपेक्षा जराशी बुटकी जाळी, हातात पोळपाटाला दांडा लावल्यासारखं पॅडल आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा बॉल. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्या पट्ट्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला की मग आत जाऊन खुशाल मारा. बस, अर्धा खेळ इथंच कळला. भूपेश नवीन बाई आली की दर वेळी म्हणतो, बायकांना किचन काय शिकवायचं, आणि स्वतःच हसतो. पहिल्यांदा मीही हसले होते, खोटं कशाला बोलू. दहाव्यांदा मात्र पॅडल त्याच्या टाळक्यात घालावंसं वाटलं.

भूपेशचा बायपासजवळ टर्फ आहे. आधी तिथं क्रिकेट चालायचं, मग या खेळाचं वारं आलं तसं त्यानं कोर्टं आखली, वर उंच पत्रा घातला, दिवे लावले. पण भिवंडीत बायका हा खेळ शिकल्या त्या तिथं नाही. त्या शिकल्या जमिलाभाभीच्या कारखान्यात.

भाभी लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या घरातली. सासऱ्यांपासूनचा कारखाना, नवरा गेल्यावर तो तिनंच चालवला. कारीगरांचा पगार, सुताचा भाव, लाइटबिल, व्यापाऱ्यांची बोलणी, सगळं एकटीनं. धंदा बसला तेव्हा अर्धे लूम भंगारात गेले. ज्या दिवशी ते उचलून नेले त्या दिवशी ती दारात खुर्ची टाकून बसली होती. रिकाम्या झालेल्या अर्ध्या शेडचं काय करायचं यावर तिच्या दिरानं सांगितलं, गोडाऊनला भाड्यानं दे. ती म्हणाली, नाही, मी इथं खेळणार. पुतणी मदीहा कुठूनशी हा खेळ शिकून आली होती, तिनं जमीन घासून घेतली, पट्टे मारले, आणि बावन्न वर्षांची बाई ओढणी कमरेला खोचून जाळीसमोर उभी राहिली. मी तिच्याच गल्लीत राहते. आवाज कसला येतोय म्हणून बघायला गेले आणि अडकले ती अडकलेच.

आता गंमत बघा. शेडच्या अर्ध्या भागात कोर्ट, आणि मधल्या भिंतीपलीकडे उरलेले लूम चालूच. तो खडखडाट ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तिथं शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून लूमवर काम करणारी माणसं बोटांनी आणि ओठांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, मालक आला, जेवायला चल, सगळ्याला खुणा आहेत. या खेळात सर्व्हिस करायच्या आधी स्कोर मोठ्यानं सांगायचा असतो. आमच्याकडे मोठ्यानं सांगून उपयोग काय? आम्ही बोटं दाखवायचो. आपले किती, त्यांचे किती, पहिला सर्व्हर की दुसरा. तिथं शिकलेल्या सगळ्या बायकांना हेच वळण लागलं. आणि सर्वांत आधी ते भाभीचं होतं, कारण तिचे कान त्या खडखडाटानंच हळूहळू खाल्ले होते. कानाचं मशीन दिलंय डॉक्टरांनी, पण कारखान्यात ते लावलं की डोकं फुटतं म्हणते, म्हणून ते कपाटात.

गेल्या वर्षी भूपेशच्या स्पर्धेत आम्ही दोघी फायनलला गेलो. भाभीनं सर्व्हिसच्या आधी बोटं दाखवली. समोरची जोडी म्हणाली, स्कोर ऐकू आला नाही, पॉइंट धरू नका. मी म्हटलं, दिसला ना? त्यांच्यातली एक म्हणाली, दिसायचा नसतो, ऐकायचा असतो. झालं, पेटलं. प्रमुख पाहुणे ताटकळत बसले, मग उठून गेले, आणि ट्रॉफी भूपेशच्या ऑफिसात तशीच राहिली. त्याचं नाक कापलं गेलं, हे खरं. पण ते कापलं कुणी, यावर त्यानं आपलं उत्तर मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून ही परीक्षा. मी ग्रुपवरच विचारलं, एक चूक जोडी बाद, हे सगळ्यांना लागू का? आयोजकांनाही? कारण तो स्वतः पुरुषांत खेळतो. त्यानं अंगठा टाकला. दोनशे माणसांसमोर टाकलेला अंगठा. मी मनात म्हटलं, ठीक आहे.

मग सरळ भाभीकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत लूम थांबले होते आणि ती ताग्याची तपासणी करत होती, कापड उजेडात धरून. मी फोन तिच्या नाकासमोर धरला. तिनं वाचलं, परत वाचलं, आणि कापडाकडे वळली. मी तावातावानं सांगत होते की आपण जायचंच नाही, सगळ्या बायकांनी बहिष्कार घालू, बघू कुणाच्या जिवावर स्पर्धा घेतो. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “लूमनं माझं कान नेलं. ते मी परत मागत नाय. पन खेळ न्यायला आलं तर मी देनार नाय. जायचं.”

भाभी बोलते ते असंच, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, कारण तिला स्वतःचा आवाज कळत नाही. पलीकडून एका कारीगरानं मान वर करून बघितलं.

मग तयारी. रोज संध्याकाळी मी फोनवरून नियम वाचायचे, ती माझे ओठ वाचायची. कुठल्याही नियमावर वाद घातल्याशिवाय तिनं तो मान्य केला नाही. एक नियम असा आहे की समोरच्यानं मारलेला बॉल टप्पा न पडता तुमच्या अंगाला लागला तर चूक तुमची, मग तुम्ही रेषेबाहेर का उभे असेनात. हे ऐकून ती उखडली. म्हणाली, तो मला बॉल मारणार आणि गुन्हा माझा? मी म्हटलं, भाभी, नियम मी केला नाही. ती म्हणाली, ज्यानं केला त्याला इथं घेऊन ये. पण ध्यानात मात्र पक्कं ठेवलं. एकदा भांडून घेतलं की ती विसरत नाही.

एक गोष्ट मी वाचली नाही, ती आत्ताच सांगून टाकते. आमच्या शेडचं छप्पर बुटकं आहे. वर आडवा लोखंडी गर्डर आहे आणि उंच मारलेला बॉल हमखास त्याला लागतो. दर वेळी खेळ थांबवला तर दिवसभरात एक गेम होणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच भाभीनं ठरवून टाकलं होतं, गर्डरला लागला तरी चालू. आम्ही त्या गर्डरवरून येणारा बॉल घ्यायला इतक्या सरावलो होतो की हा आमचा घरचा कायदा आहे, हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नव्हतं. छताचा नियम दिसला की मी फोनवर बोट पुढं सरकवायचे. जे येतं ते वाचायचं कशाला.

परीक्षेच्या दिवशी मी शूजच्या नाड्या आवळत होते तेव्हा मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, तू परीक्षेला चाललीस का मोर्चाला? मी म्हटलं, ते तिथं गेल्यावर ठरेल.

टर्फवर खुर्च्या मांडलेल्या, बॅनर लावलेला, चहाचा थर्मास. प्रश्न विचारायला केसरीनाथ सर आले होते. अंबाडीच्या शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर, या खेळाची पंचपरीक्षा रीतसर दिलेले. माणूस सरळ आहे असं सगळे म्हणायचे. पण मला आधी दिसलं ते वेगळंच. सरांच्या मिशा. अहो, मिशा म्हणजे किती, वरचा ओठ तर नाहीच, खालचाही अर्धा झाकलेला. आणि त्यावर माईक. भाभी काय वाचणार, कपाळ?

बायकांच्या जोड्या आधी होत्या. टर्फशेजारच्या गृहसंकुलातली एक मुलगी उभी राहिली, चांगली खेळते, तिला विचारलं की सर्व्हिसचा बॉल किचनच्या रेषेवर पडला तर काय. ती म्हणाली, रेषेवर म्हणजे आत. बाकी सगळ्या रेषांना ते खरं आहे, पण सर्व्हिसला किचनची रेष चालत नाही. सरांनी मान हलवली. भूपेशनं माईक घेऊन ‘जोडी बाद’ असं जाहीर केलं, लग्नात आहेर पुकारतात तसं. मुलीचे डोळे भरले. तिची जोडीदार रूपा, माझ्या ओळखीची, पॅडलची पिशवी आवळून तशीच बसून राहिली.

मग आमचं नाव. आधी भाभी. ती जाऊन उभी राहिली, ओढणी खोचलेली, मान ताठ. सरांनी प्रश्न वाचला. भाभी बघत राहिली. सरांनी परत वाचला, जरा मोठ्यानं. माझ्या तर कानात दडे बसले, पण तिला काही कळलं नाही. मी पुढं होऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि तोच प्रश्न ओठांनी म्हणायला लागले, तोच भूपेश म्हणाला, माधवीताई, जोडीदारानं मदत करायची नाही, लिहिलंय तसं.

मी म्हटलं, मदत कसली, मी प्रश्न सांगतेय, उत्तर नाही. तो म्हणाला, उत्तर सांगताय की प्रश्न, हे आम्हाला कसं कळणार? नियम सगळ्यांना सारखा. आणि मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, म्हणाला, चाचींच्या भल्यासाठीच आहे हे, बॉल डोळ्याला लागला-बिगला तर उद्या जबाबदारी कुणाची?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी विचारलं, बॉल कानानं बघतात का, आणि मागून कुणीतरी हसलं. मी बोलत असताना भाभी मात्र सरळ चालत सरांजवळ गेली. तिनं त्यांच्या हातातला माईक बाजूला केला, त्यांच्या मिशांकडे बोट दाखवलं, आणि नाही अशी मान हलवली. मग टेबलावरचं एक पॅडल उचलून त्यांच्या हातात दिलं, एक बॉल दिला, आणि कोर्टाकडे हात केला.

“करून दाखवा,” ती म्हणाली. “मी सांगते.”

सरांनी पॅडल हातात तोललं. चाळीस वर्षं पोरांना मैदानावर शिकवलेला माणूस, त्याला खुर्चीवर बसून प्रश्न वाचण्यापेक्षा हे बरं वाटलं असणार. भूपेश म्हणाला, सर, तोंडी लिहिलंय. सर म्हणाले, तोंडानं खेळतात का रे? आणि कोर्टात उतरले.

ते किचनमध्ये जाऊन उभे राहिले, मला पलीकडून बॉल टाकायला सांगितला आणि हवेतच मारला. भाभीनं खालच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि हात आडवा फिरवला, चूक. पुढचा बॉल त्यांनी टप्पा पडू दिला आणि तिथूनच मारला. भाभीनं अंगठा वर केला. मग सर चालत चालत पार मागच्या रेषेबाहेर गेले, मला खूण केली, मी बॉल त्यांच्या अंगावर मारला आणि तो त्यांच्या पोटावर आपटला. बाकीच्या बायका कुजबुजल्या, बाहेर उभे आहेत, बॉल बाहेर जात होता, पॉइंट सरांचाच. भाभीनं मात्र बोट सरांच्याच छातीवर रोखलं. चूक तुमची. तेही असं, की त्या नियमाचा राग अजून गेलेला नाही हे सगळ्यांना दिसलं. सरांनी पोट चोळत मान डोलावली.  शेवटी सर म्हणाले, सगळी बरोबर. आणि भूपेशनं काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, स्कोर बोलता-ऐकता येत नसेल तर जोडीदारानं पुकारला तरी चालतो, बाई बोटं दाखवतील, माधवी पुकारेल.

मला वाटलं, जिंकलो. गोडाऊनमधला माझा आवाज शेवटी कुठंतरी कामी येणार. मी ऐटीत उभी राहिले. माझे प्रश्न सोपे गेले, एकेक उत्तर मी भूपेशकडे बघून फेकत होते. मग सरांनी शेवटचा विचारला. खेळ चालू असताना बॉल छताला लागला तर?

मी म्हटलं, चालू.

इतकं पटकन, इतकं ठणकावून म्हटलं की मलाच माझा आवाज छान वाटला. सर थांबले. म्हणाले, पुन्हा विचार कर हवं तर. मी म्हटलं, विचार काय करायचाय, छपराला लागला तरी चालू, आम्ही रोज खेळतो. आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडता पडता मला आमचा गर्डर दिसला.

बॉल छताला लागला की खेळ थांबतो. मारणाऱ्याची चूक. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त जमिलाभाभीच्या कारखान्यात शिकलेल्या बायकांना नसतं.

भूपेशनं माईक घेतला. मुद्दाम हळू बोलला. माधवीताई आणि जमिलाचाची, जोडी बाद. वर आणखी म्हणाला, खेळात इमोशन नाही, नियम चालतो. भाभी माझ्याकडे बघत होती, काय झालं असं विचारत. मी वर पत्र्याकडे बोट केलं, आणि मग स्वतःकडे. तिला कळलं. ती खुर्चीवर जाऊन बसली आणि हातातलं पॅडल मांडीवर उलटसुलट करत राहिली. तिच्यासाठी भांडायला गेलेली मी, आणि तिला घरी बसवलं ते मीच. त्या वेळी जमीन दुभंगती तर मी आत गेले असते.

पण मी गेले नाही. मी म्हटलं, ठीक आहे, बाद तर बाद. आता पुरुष. आधी भूपेशभाऊ.

तो म्हणाला, माझी कशाला, मी आयोजक. मी फोन काढला, अंगठा शोधला, आणि फोन उंच धरून सगळ्यांना दाखवत फिरले. हा अंगठा कुणाचा? कुणाचा म्हणून विचारायची गरज नव्हती. त्याचा जोडीदार, संकुलातला एक दाताचा डॉक्टर, म्हणाला, दे रे परीक्षा, दोन मिनिटांचं काम आहे. भूपेश हसत हसत उभा राहिला.

सरांनी दोन-चार साधे प्रश्न विचारले, त्यानं फटाफट उत्तरं दिली. मग सरांनी विचारलं, किचनच्या बाहेर उभं राहून तू हवेत बॉल मारलास. समोरच्यांना तो घेता आला नाही, दोन टप्पे पडले, पॉइंट संपला. त्यानंतर तुझा तोल गेला आणि पाय किचनमध्ये पडला. पॉइंट कुणाचा?

भूपेश म्हणाला, माझा. बॉल मेला ना आधीच. मेल्यावर काय किचन अन् काय हॉल.

काही लोक हसले. मी हसले नाही, कारण हा नियम मी भाभीला सात वेळा वाचून दाखवला होता आणि सातही वेळा ती भांडली होती. सरांनी मान हलवली. बॉल मेला तरी चूकच. हवेत मारताना आलेल्या झोकानं पाय आत गेला, की मारणाऱ्याचा पॉइंट जातो. भूपेशनं पुस्तक मागितलं, सरांनी पान उघडून दिलं. तो वाचत असताना टर्फवरची इतकी माणसं त्याला बघत होती, की त्यानं तेच पान दोनदा वाचलं असावं. दाताचा डॉक्टर म्हणाला, अरे, मी पैसे भरून दोन महिने प्रॅक्टिस केलीय.

मी सरांकडून माईक घेतला. “भूपेशभाऊ आणि डॉक्टर, जोडी बाद,” मी म्हटलं, आणि तेही हळूच म्हटलं, अगदी त्याच्यासारखं.

टाळ्या पडल्या. रूपा तर उभी राहून वाजवत होती. भूपेश सरांना बाजूला घेऊन कुजबुजला, मग मला म्हणाला, ताई, बसून बोलू. एखादी चूक माणसाकडून होतेच. एक चूक माफ करू या ना, म्हणजे सगळेच खेळतील. आता मला जोर चढला होता. मी म्हटलं, नाही. नियम म्हणजे नियम, खेळात इमोशन नाही. सकाळी त्या पोरीला रडवलंत तेव्हा माणूस कुठं गेला होता? आपला पाय अडकला तेव्हा बरा आठवला. मी नाही ऐकणार, आणि कुणी ऐकायचंही नाही. यंदाची स्पर्धा तुमच्याशिवाय होईल. प्रत्येक वाक्यागणिक टाळ्या वाढत होत्या, आणि मीही त्याप्रमाणे वाढत होते.

कुणीतरी माझी बाही ओढली. भाभी. तिनं विचारलं, हा काय म्हनतोय? मी बोटांनी आणि ओठांनी सांगितलं, एक चूक माफ करा म्हणतोय. मी नाही म्हटलंय. असा सोडायचा नाही त्याला.

तिनं माझी बाही सोडली. मग तिच्या त्या आख्ख्या गल्लीला ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, “टाळ्या तुला, आनि घरी बसायचं मला?”

टाळ्या थांबल्या.  गोडाऊनमधल्या शंभर ड्रायव्हरांना मला गप्प करणं जमलं नाही, ते त्या बाईनं एका वाक्यात केलं. मी मघापासून भांडत होते ते कुणासाठी, हे मला त्या वाक्यापर्यंत स्वतःलाच विचारायला सुचलं नव्हतं. ती या टर्फवर भूपेशला हरवायला आलीच नव्हती. ती खेळायला आली होती.

मी माईक खाली घेतला. म्हटलं, बरं भूपेशभाऊ, एक चूक माफ. पण सगळ्यांना. सकाळच्या मुलीला आणि रूपालाही. आणि हे मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. माईक नको. भाभीसमोर उभं राहून, तोंड दिसेल असं. नियम सगळ्यांना सारखा, तर तो तिलाही कळला पाहिजे.

भूपेशनं इकडं तिकडं बघितलं. डॉक्टरनं त्याला खांद्यानं ढकललं. तो येऊन भाभीच्या खुर्चीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, एक चूक सगळ्यांना माफ. तुम्ही खेळू शकता.

“ऐकू नाय आलं,” भाभी म्हणाली.

त्यानं परत सांगितलं, सावकाश, ओठ मोठे करून. एक चूक. माफ. तुम्ही. खेळा. त्याच्या मिशा नाहीत, दाढीही नाही, आणि भाभीला भर कारखान्यात दहा हात लांबून कारीगराचे ओठ वाचता येतात. मी तिच्या शेजारीच उभी होते, तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं की पहिल्याच खेपेला तिला शब्दन् शब्द कळला होता.

तिनं पुढं वाकून कानामागं हात धरला.

“परत सांग,” ती म्हणाली. “आनि जरा मोठ्यानं.”